पाऊस[0] म्हणजे सोमवार

आबा रोज सकाळी ८.३० ला अंगणातला पर्जन्यमापक बघून वहीत मिलिमीटर मांडतात; हवामान खात्याचा पावसाचा दिवसही ८.३० ते ८.३० असाच असतो. ती वही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चढवायचं काम माझ्याकडे. सोमवार ते रविवार, एका आठवड्याची एक लिस्ट:

पाऊस = [12, 0, 45, 88, 31, 4, 60]

पाऊस हे व्हेरिएबल, म्हणजे लिस्टला दिलेलं नाव; ते मराठीत चालतं. आकडे मात्र 0, 1, 2 असेच हवेत. कंसात ० टाइप केलंत की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातच चूक.

एखाद्या दिवसाचा आकडा हवा तर नावापुढे चौकोनी कंस आणि त्यात इंडेक्स. पाऊस[0] सोमवार, पाऊस[3] गुरुवार, म्हणजे 88. गुरुवार चौथा, मग 3 कसा, हा आबांचा ठरलेला प्रश्न. सुरुवातीपासून किती घरं पुढे सरकायचं तेवढाच इंडेक्स. सोमवारसाठी सरकायचंच नाही. शेवटचा दिवस पाऊस[-1]. दुरुस्ती करायची तर पाऊस[3] = 83. पहिले तीन दिवस पाऊस[0:3]; अशा तुकड्याला स्लाइस म्हणतात. शेवटचा 3 त्यात धरत नाहीत.

पाऊस[7] मागितलंत तर इंडेक्स एरर येतो. येऊ दे, चूक तिथल्या तिथे कळते. खरा घात होतो तो पायथन गप्प बसतं तिथे. आदल्या दिवसाशी तुलना करायला आपण सहज पाऊस[दिवस - 1] लिहून मोकळे होतो. मंगळवार ते रविवार सगळं ठीक. सोमवारी दिवस 0, कंसात होतात -1, आणि आदला दिवस म्हणून सहा दिवसांनी येणाऱ्या रविवारचे 60 हातात पडतात. एरर नाही, काही नाही! इंडेक्समध्ये वजाबाकी दिसली की आधी 0 घालून बघा. सोमवारसाठी मागच्या आठवड्याच्या लिस्टमधला [-1] घ्यायचा.

स्लाइसही तसाच मुका. पाऊस[5:10] मधून पाच नव्हे, [4, 60] हे दोनच आकडे येतात. सरासरीसाठी पाचाने भागलंत तर पाऊस उगाच कमी दिसेल.

बरेच आठवडे असले तर लिस्टमध्ये लिस्ट: आठवडे[1][3] म्हणजे दुसऱ्या आठवड्याचा गुरुवार. उलटं आठवडे[3][1] लिहिलंत तर चौथ्या आठवड्याचा मंगळवार येतो, तोही गुपचूप. आठवडे चारापेक्षा कमी असतील तरच ही अदलाबदल एररमध्ये सापडते.