लेक्चर बघून गणित येत नाही, वही लागते

पहिल्या खेपेला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लिनिअर अल्जिब्राची (रेषीय समीकरणांचं गणित) व्हिडिओ लेक्चरं मी रात्री जेवताना बघितली. अकरा लेक्चरं झाली. सगळं कळतंय असं वाटायचं. मग एक गणित घेतलं नि पेन हललंच नाही.

दुसऱ्या खेपेला दोनशे पानी वही आणली. सरांनी फळ्यावर प्रश्न मांडला की व्हिडिओ थांबवायचा आणि आधी आपण सोडवायचा. पहिल्याच लेक्चरात २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३ अशी जोडी आहे. शाळेसारख्या दोन रेषा काढा, त्या (१, २) वर छेदतात. आता तेच उभ्या स्तंभांनी बघा, म्हणजे क्षचे सहगुणक एका बाणात आणि यचे दुसऱ्या: (२, −१) हा बाण एकदा आणि (−१, २) हा दोनदा घेतला की आपण (०, ३) ला पोचतो. आलेखाच्या कागदावर हे बाण काढाच, कंटाळा करू नका. मशीन लर्निंगमधल्या (संगणकाला माहितीवरून शिकवणं) लिनिअर रिग्रेशनमध्ये, म्हणजे माहितीच्या बिंदूंना जवळची रेषा बसवताना, हाच खेळ असतो. फक्त तिथे बाण बहुधा नेमके पोचत नाहीत, म्हणून जास्तीत जास्त जवळचा बिंदू शोधायचा. ते सोळाव्या लेक्चरात येतं. तोवर अँड्र्यू एनजींच्या मशीन लर्निंगच्या ऑनलाइन कोर्सला हात लावू नका, असं माझं मत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, व्हिडिओ न लावता, कालची सिद्धता कोऱ्या पानावर लिहायची. अडलं तर तेवढाच तुकडा परत बघायचा. दीडपट वेग उजळणीलाच.

आणि हो, सोबत संभाव्यताही शिकत असाल तर तिची वही वेगळी करा. माझी एकत्र झालीय, आता काही सापडत नाही.