सॅक्सचं फंक माउथ ऑर्गनवर वाजवायचंय? आधी श्वास सोडायला शिका

लग्नाच्या सीझनमधे आमच्या जळगावच्या गल्लीतून रोज एक तरी वरात जायची. बँडमधला सॅक्सवाला (सॅक्सोफोनवाला) ऐकला की मी गच्चीवर जाऊन माउथ ऑर्गनवर तेच काढत बसायचो आणि दुसऱ्याच ओळीला छाती फुगून गच्च. म्हणजे दम संपायचा नाही भो, उलटा वाढायचा. हे असं का होतं ते मला लय उशिरा कळलं. सॅक्स फक्त फुंकून वाजतो, त्यामुळे वाजवणाऱ्याची हवा संपते आणि तो गॅपमधे श्वास घेतो. माउथ ऑर्गन फुंकूनही वाजतो आणि ओढूनही, त्यात फंकचे (फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत) कामाचे सूर बरेचसे ओढायचे निघतात, मग हवा साठत जाते आणि आपण त्याच गॅपमधे अजून श्वास घेतो. इथंच मरतो माणूस. गॅप आला की हवा नाकातून बाहेर सोडायची. एवढं एक जमलं तर अर्धं काम झालं समजा.

आता वाद्य. दुकानात माउथ ऑर्गन मागितला की बऱ्याचदा दोन मजली भोकांचा ट्रेमोलो हातात देतात, मलाही पहिला तोच दिला होता. तो जुन्या हिंदी गाण्यांना गोड लागतो पण त्याचा सूर सतत थरथरतो, फंकला सूर ठोकळ्यासारखा पाहिजे. १० भोकांचा डायटॉनिक (एकाच स्केलचे सूर असलेला) घ्या, सी स्केलचा, शक्यतो प्लॅस्टिकच्या कोंबचा (कोंब म्हणजे मधला भोकांचा सांगाडा, होनरचा स्पेशल २० तसा आहे), कारण लाकडी कोंब थुंकीनं फुगतो आणि मग ओठाला टोचतो. बटणवाला क्रोमॅटिक पण चालतो, सगळे सूर मिळतात त्यात, पण सुरुवातीला नको.

सी चा माउथ ऑर्गन म्हणजे सी मधेच वाजवायचं असं काही नाही. आपण सा धरायचा ४ नंबरचं भोक ओढून, म्हणजे डी. याला थर्ड पोझिशन म्हणतात. तिथून वर बघा काय मिळतं: ४ ओढ सा, ५ फुंक रे, ५ ओढ कोमल ग, ६ फुंक म, ६ ओढ प, ७ ओढ शुद्ध ध, ७ फुंक कोमल नि, ८ ओढ वरचा सा. पेटी शिकलेल्यांच्या लक्षात आलं असेल, हा सरळ काफी थाट आहे, वेस्टर्नवाले ह्यालाच डोरियन म्हणतात आणि एकाच कॉर्डवर घुमत राहणाऱ्या फंकला हा फिट्ट बसतो. त्यातले रे आणि ध बाजूला ठेवले की उरतात सा ग म प नि, म्हणजे धानी राग. एकही सूर वाकवायला (तोंडानं खाली खेचायला) लागत नाही, म्हणून नवीन माणसाला मी इथूनच सुरू करायला सांगतो. एक खड्डा मात्र आहे, ६ नंबरपर्यंत ओढलेला सूर फुंकलेल्यापेक्षा वरचा असतो आणि ७ पासून उलटं होतं, ओढलेला खालचा. सगळे तिथं एकदा तरी पडतात, मी रोज पडायचो.

आता एक छोटा तुकडा घ्या, माझाच बनवलेला आहे. आधी टाळी देत तोंडानं तकधिमी तकधिमी तकधिमी तकधिमी म्हणा, १६ अक्षरं झाली. पहिल्या त ला ४ ओढ, जोरात. त्याच तकधिमीच्या मी ला परत ४ ओढ, एकदम छोटा. दुसऱ्यात त आणि क गप्प, धि ला ५ ओढ, मी ला ४ ओढ. तिसऱ्यात परत त-क गप्प, धि ला ६ फुंक, मी ला ५ ओढ. चौथ्याच्या त ला ४ ओढ आणि पुढची तीन अक्षरं काहीच नाही. मोजलं तर सहा सूर ओढायचे आणि फुंकायचा एकच, म्हणजे ती शेवटची तीन अक्षरं हवा सोडायची जागा आहे, तिथं नाकातून फस्सकन सोडा नाहीतर चौथ्या राऊंडला डोळे बाहेर येतील. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) ७० ला लावा, जमल्यावरच वाढवा. पहिला ठोका मात्र कधी ढिला सोडायचा नाही, फंकचा अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या सगळ्या बँडचा भर त्या पहिल्या ठोक्यावर, 'द वन' म्हणायचा तो त्याला.

सूर सुरू करताना जीभ 'ता' म्हणते तशी मारायची, ओढतानाही. आणि बंद करतानाही जिभेनंच बंद करायचा, 'तट्'. बहुतेक जण सुरू करणं शिकतात, बंद करायचं कुणी शिकत नाही, मग सूर लोंबतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं भजन चाललंय. हे कानात बसवायचं तर मेसिओ पार्कर ऐका, १९६४ ला जेम्स ब्राउनकडे आलेला सॅक्सवाला, त्याचे सूर किती आखूड आहेत आणि मधे किती मोकळी जागा आहे ते बघा. मी तर स्पीड ०.७५ करून फक्त त्याचे गॅप मोजायचो, सूर नंतर. आणि सॅक्स नि माउथ ऑर्गन एकत्र कसे लागतात ते ऐकायचं तर वॉर बँडचं १९७५ चं लो रायडर लावा, त्यात सॅक्स आणि ली ऑस्करचा माउथ ऑर्गन एकच ओळ जोडीनं वाजवतात, कुठला आवाज कुणाचा ते पहिल्यांदा ऐकताना कळतसुद्धा नाही.

सॅक्सवाले सूर शेवटी घसरवतात ना, ते ४ ओढ किंवा ६ ओढ वर होतं, ओढता ओढता तोंडातली पोकळी 'ई' वरून 'ऊ' कडे न्यायची, सूर अर्धा खाली येतो. ५ ओढ वर जोर लावू नका, तो जवळपास हलत नाही, आतली धातूची पट्टी (रीड) मात्र खराब होईल. हात बंद ठेवून सुरू केलं आणि सुराबरोबर उघडलं तर तोच सॅक्सचा 'वा' निघतो.

दुसऱ्या स्केलचं गाणं असेल तर सोपा हिशोब, गाण्याच्या सा पेक्षा एक पूर्ण सूर खालचा माउथ ऑर्गन. ई मायनरला डी चा, ए मायनरला जी चा. ऑल्टो (लहान) सॅक्सचं नोटेशन मिळालं तर जपून, कागदावर बी लिहिलेला असतो तिथं खरा सूर डी वाजतो, टेनरला (मोठ्या सॅक्सला) तोच डी ई म्हणून लिहिलेला असतो. माझा एक आख्खा आठवडा यात गेला, मला वाटायचं माझा कानच गेलाय.

हे सगळं बसलं की मग २ ओढ ला सा धरून जी मधे या, तिथं ३ ओढ हा शुद्ध ग आणि तोच थोडा वाकवला की कोमल ग, आणि खरी मजा दोघांच्या मधे कुठंतरी अडकवून ठेवण्यात. याला महिने लागतात, घाई करू नका.

आणि हो, शेवभाजी खाऊन लगेच वाजवायला बसू नका, चूळ भरा आधी. माझ्या ४ नंबरच्या पट्टीत शेवेचा कण अडकला होता आणि मी दोन दिवस दुकानदाराला शिव्या देत होतो.