पाहुण्याचा अन्यायकारक रिव्ह्यू: उत्तर देताना या चुका टाळा

मुंबईत सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्यांच्या वाट्याला एक खास प्रकारचा रिव्ह्यू येतो. घर स्वच्छ असतं, चादरी धुतलेल्या असतात, चावी वेळेवर मिळालेली असते आणि तरीही दोन स्टार. कारण काय, तर समोरचा रस्ता खणून ठेवला होता, सोसायटीची लिफ्ट बंद होती, पहाटे लोकलच्या आवाजाने जाग आली. शहराचा राग घरावर निघतो. पाहुण्याच्या बाजूने पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे, कारण त्याने पैसे तुम्हाला मोजलेले असतात, महापालिकेला नाही. पण स्टार कमी होतात ते तुमचे. मी ओळखीतल्या होस्टना, म्हणजे अशी घरं देणाऱ्यांना, अशा रिव्ह्यूंना उत्तरं लिहायला मदत करते, आणि माझं ठाम मत झालंय की रिव्ह्यूपेक्षा त्याखालच्या रागावलेल्या उत्तरानेच बुकिंग जास्त जातात.

त्याच रात्री उत्तर टाकणं

ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागडी. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्या-घेण्याच्या ॲपवर रिव्ह्यूला जाहीर उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. एवढा वेळ हातात असताना रात्री बारा वाजता फोन घेऊन बसायचं काहीच कारण नाही. टाकलेलं उत्तर नंतर दुरुस्त करता येईल असंही गृहीत धरू नका. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर (गुगलवरच्या व्यवसायाच्या पानावर) ती सोय आहे, पण सगळीकडे नाही.

पहिले एक-दोन दिवस लिहिण्याऐवजी शोधण्यात घालवा. त्या मुक्कामातले ॲपवरचे मेसेज पुन्हा वाचा. साफसफाई करणाऱ्या मावशींना विचारा, घर कसं सापडलं होतं. सोसायटीच्या फलकावर पाणी बंदची किंवा लिफ्ट दुरुस्तीची नोटीस लागली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, कारण अशा नोटिसा आठवड्याभरात निघतात. 2024 च्या जूनमध्ये मुंबईत 10 टक्के पाणीकपात होती. तेव्हा ‘नळाला पाणीच नव्हतं’ अशी तक्रार आली असेल, तर कपातीची तारीख हाताशी असलेल्या होस्टला वाद घालावाच लागला नसेल.

प्रत्येक वाक्याला प्रत्युत्तर देणं

समजा, दादरच्या हिंदू कॉलनीत तुमचा वन बीएचके आहे आणि गणपतीच्या दिवसांत राहून गेलेल्या कुटुंबाने लिहिलंय: ‘गरम पाणी नव्हतं. रात्री उशिरापर्यंत ढोल. वॉचमन उद्धट. घर फोटोत दिसतं त्यापेक्षा खूप लहान. अजिबात जाऊ नका.’

संतापलेला होस्ट लिहितो: ‘गीझर चालू होता, तुम्हाला लावता आला नाही. गणपतीत मुंबईत आवाज असणारच. वॉचमन आमचा माणूस नाही. क्षेत्रफळ लिस्टिंगमध्ये लिहिलंय, वाचायला हवं होतं.’ (लिस्टिंग म्हणजे ॲपवरचं घराचं पान.) यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही हे वाचून पुण्याहून किंवा नाशिकहून मुलाबाळांना घेऊन येणारी बाई दुसरं घर बघायला लागते. गेलेला पाहुणा हे उत्तर बहुधा वाचणारही नाही. वाचणार आहे ती बाई.

म्हणून लिहायला बसण्याआधी त्या चार तक्रारी वेगळ्या करा. गरम पाण्याची तक्रार शोधली की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते: गीझरचा मोठा स्विच बाथरूमच्या बाहेर, दाराच्या वर किंवा पॅसेजमध्ये असतो. आपल्याला ते सवयीचं, पण परगावच्या माणसाने आत उभं राहून नळ सोडला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि गार पाण्याने आंघोळ केली. ही चूक घराचीच आहे, त्या स्विचवर एक पट्टी चिकटवलेली असायला हवी होती. ढोल शहराचे. वॉचमन सोसायटीचा, पण गेस्टला दारात भेटणारा पहिला माणूस तोच, त्यामुळे तो विषय झटकता येत नाही. निखालस चुकीचा आरोप एकच उरतो, तो म्हणजे घराच्या आकाराचा.

आता उत्तर असं होऊ शकतं:

‘राहायला आलात, आभारी आहे. गीझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर आहे. तो सापडला नाही आणि तुम्हाला गार पाण्याने आंघोळ करावी लागली याचं वाईट वाटलं. आता स्विचवर ठळक पट्टी लावली आहे. गणपतीच्या दिवसांत मिरवणुका आमच्याच रस्त्यावरून जातात, ही सूचना लिस्टिंगमध्ये घातली आहे. गेटवर जे बोलणं झालं त्याबद्दल माफ करा. येणाऱ्यांची नावं आता आम्ही आदल्या दिवशीच गेटवर देतो. घराचं कार्पेट क्षेत्र 380 चौरस फूट आहे आणि ते लिस्टिंगमध्ये सुरुवातीपासून दिलेलं आहे.’

चुकीच्या आरोपाला एक वाक्य, तेही विशेषणाशिवाय. ‘धादांत खोटं’, ‘हेतुपुरस्सर बदनामी’ असे शब्द आले की वाचणाऱ्याला तुमचीच बाजू लंगडी वाटू लागते. आणि जे सुधारलं म्हणून लिहिताय ते उत्तर टाकण्याआधी खरंच सुधारा. पुढच्या गेस्टला स्विचवर पट्टी दिसली नाही, तर त्याचा रिव्ह्यू अन्यायकारक नसेल.

‘तेव्हाच सांगायला हवं होतं’ हे वाक्य मी प्रत्येकाला खोडायला लावते. वाचताना ते दटावल्यासारखं वाटतं. ‘तेव्हा कळलं असतं तर लगेच माणूस पाठवला असता’ एवढं म्हटलं तरी तोच मुद्दा पोचतो.

झुरळांची तक्रार आली तर ‘आमच्याकडे झुरळं नाहीतच’ असं मुंबईत कोणी लिहू नये, कोणाचाही विश्वास बसणार नाही. शेवटचं पेस्ट कंट्रोल कोणत्या महिन्यात झालं ते लिहा. झालं नसेल तर आधी करून घ्या.

पाहुण्याची खासगी माहिती उघड करणं

याबद्दल मला मनापासून चीड आहे. ‘चार जणांचं बुकिंग करून सात जण आले’ हे लिहिणं वेगळं, तो तुमच्या नियमाचा प्रश्न आहे. पण ‘साहेब कोणाबरोबर आले होते ते आम्ही पाहिलंय’ असं सूचक लिहिणं, कंपनीचं नाव टाकणं, आधारवरचा पत्ता काढणं, रिकाम्या बाटल्यांचा उल्लेख करणं हे अक्षम्य आहे. ओळखपत्र त्या माणसाने नोंदीसाठी दिलेलं असतं, तुमच्या भांडणासाठी नाही. अशा उत्तराची तक्रार प्लॅटफॉर्मकडे गेली तर उत्तर काढलं जाऊ शकतं. पण तोवर ते वाचलेलं प्रत्येक जोडपं तुमच्या घरापासून लांब राहिलेलं असतं. मुंबईत आधीच अनेक सोसायट्यांच्या गेटवर जोडप्यांना नको ते प्रश्न विचारले जातात, निदान घरमालकाने तरी त्यात भर घालू नये.

रिव्ह्यू काढून टाकण्यासाठी चुकीचं कारण देणं

‘हे खोटं आहे, काढा’ अशी तक्रार सहसा फेटाळली जाते. पाणी गरम होतं की गार, याचा निवाडा प्लॅटफॉर्म करत बसत नाही. त्याच्या धोरणात बसणारं कारण लागतं: रिव्ह्यूचा मुक्कामाशी संबंधच नाही, त्यात कोणाची खासगी माहिती आहे, प्रतिस्पर्ध्याने लिहिला आहे, किंवा ‘पैसे परत द्या नाहीतर एक स्टार देतो’ अशी धमकी आधी आली होती. शेवटचं कारण सगळ्यात वजनदार, पण धमकी ॲपच्या मेसेजमध्ये असेल तरच सिद्ध करणं सोपं. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच ॲपवर लिहून ठेवा: ‘आत्ता फोनवर आपण म्हणालात की…’ समोरचा ‘हो’ म्हणाला तरी पुरावा झाला आणि गप्प बसला तरी तुमची नोंद तारखेसह राहिली.

उलट दिशेचा सौदाही नको. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं नियमाविरुद्ध आहे. वाईट रिव्ह्यू खाली ढकलायला भाचा, मेहुणी, ऑफिसातले मित्र यांच्याकडून पाच-पाच स्टार लिहून घेण्याचा मोह टाळा. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट मनाई आहे. अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी जाहीर उत्तरात देणं तर घातकच. खरंच तसं प्रकरण असेल तर वकिलाशी बोला, रिव्ह्यूखाली कलमं लिहू नका.

सुपरहोस्टपणाच्या धास्तीने हातपाय गाळणं

एअरबीएनबीवर सुपरहोस्ट (चांगल्या होस्टना मिळणारा खास दर्जा) राहायला सरासरी 4.8 स्टार लागतात, आणि मागच्या वर्षभराचा हिशेब दर तीन महिन्यांनी होतो. मोजक्या बुकिंगच्या घराला एक दोन-स्टार जोरात लागतो, हे खरं. त्यावर उपाय पुढचे पाहुणे. ज्यांना घर आवडलं ते बरेचदा काही न लिहिताच निघून जातात. चेकआउटनंतर दोन्ही बाजूंना रिव्ह्यू लिहायला 14 दिवस असतात, त्या मुदतीत त्यांना एक साधा, मोकळा मेसेज करा. पाच स्टार मागू नका, अनुभव लिहा एवढंच म्हणा.

लिस्टिंग तशीच ठेवणं

त्याच तक्रारी पुन्हा येत असतील तर दोष पाहुण्यांच्या स्वभावात शोधू नका. विलेपार्ल्यात घर असेल तर ‘विमानतळ जवळ’ एवढंच लिहून भागणार नाही, विमानांचा आवाज येतो हेही लिहा. रेल्वेलाइनलगत असाल तर शेवटची गाडी आणि पहिली गाडी यांच्यात जेमतेम काही तास शांतता असते, ते लिहा. पावसाळ्यात भिंतींना ओल येत असेल, तर जूनच्या आधी गळती दुरुस्त करा, आणि जुनी इमारत असल्याचं लपवू नका. लाउडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी आहे, पण सणांच्या ठरावीक दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. नवरात्र-गणपतीचं बुकिंग घेताना हे मेसेजमध्ये आधीच कळवा आणि ‘चालेल’ असं त्यांचं उत्तर ॲपवरच येऊ द्या. पाण्याची वेळ, लिफ्ट आहे की नाही, किती जिने, गेटवर नोंद करावी लागते, पार्किंग आत की रस्त्यावर, हे सगळं फोटोंच्या लगेच खाली, पहिल्या चार-पाच ओळींत यायला हवं. तळाशी लिहिलेलं कोणी वाचत नाही.