शेवटी शक्ती सोडून देणारा नायक: एकांकिका लिहिताना या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांचे फॉर्म निघाले की नाशिकमधली कॉलेजची मुलं संहिता घेऊन माझ्याकडे येतात. मी वाचतो, तालमीला जाऊन बसतो, जे वाटतं ते तोंडावर सांगतो. गेल्या काही मोसमांत एका प्रकाराने जीव मेटाकुटीला आणलाय. नायकाच्या हाती मोठी सत्ता असते किंवा अचाट शक्ती असते. कोणाचा तरी मृत्यू होतो. दोष त्याचा नसतो, तरी तो स्वतःवर ओढून घेतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं सोडून निघून जातो. वर बासरी वाजते आणि पडदा पडतो.

विषयाला माझा विरोध नाही. आपल्या दोन्ही महाकाव्यांनी याच विषयावर जीव ओतलाय, आणि तो नीट मांडला तर प्रेक्षक घरी जाताना आपसांत वाद घालत जातो. म्हणूनच तो असा वाया गेलेला बघवत नाही.

सोडण्याची किंमत कोण मोजतंय, तेच न दाखवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच.

एका गटाची संहिता गोदेच्या पुरावर होती. कल्पना झकास. पंचवटीतला एक पोरगा, फुलांच्या दुकानावर कामाला; त्याने हात पुढे केला की पाणी थोपतं. पावसाने झोड उठवलेली, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलेला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलेलं. नाशिककराला याहून जास्त सांगावं लागत नाही. पूर किती आला हे आपण मारुतीच्या अंगावर मोजतो. पोरगा घाटावर उभा राहतो. सराफ बाजार वाचतो, भांडी बाजार वाचतो. पण तो इकडे तोंड करून उभा असताना पाठीमागे, पलीकडच्या काठावर, फुलवाली आजी वाहून जाते. पाणी ओसरल्यावर तो रामकुंडात उतरतो, शक्ती नदीला परत देतो, काळोख.

तालमीत मुलं स्वतःच रडत होती. मी तेव्हाच म्हटलं होतं की शेवट कच्चा आहे, पण मुदत जवळ आलेली, नेपथ्य तयार झालेलं. प्राथमिक फेरीत प्रयोग लागला. पोरगा कुंडात उतरला, संगीत चढलं, आणि मागच्या रांगेतून एका बाईंचा खणखणीत आवाज आला: "अरे, पण पुढच्या पावसाळ्यात आम्ही काय करायचं?"

सभागृह हसलं. नट तसाच हात वर करून उभा. मुलांना वाटलं बाईंनी टवाळी केली, प्रयोग पाडला. मला तसं अजिबात वाटत नाही. त्या मनापासून विचारत होत्या. पाऊण तास त्यांनी त्या पोरावर विश्वास टाकला होता आणि तो त्यांना न विचारता निघून चालला होता. हा प्रश्न लेखकाने पहिल्या खर्ड्यातच स्वतःला विचारायला हवा होता.

शक्ती एकदा लोकांच्या उपयोगी पडायला लागली की ती एकट्याची राहत नाही. पोरगा आहे म्हणून दुकानदारांनी माल माळ्यावर चढवणं बंद केलेलं असणार. कोणी तळघरात गोडाऊन केलेलं असणार. त्याने शक्ती टाकली की या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी त्याचा त्याग निर्मळ राहत नाही, आणि नेमकं तिथेच नाटक सुरू होतं. या गटाने ते जिथे सुरू होतं तिथेच संपवलं.

यावर माझी जुनी सवय आहे ती सांगतो. ज्या माणसाचं नायकाच्या जाण्याने सगळ्यात जास्त नुकसान होणार, त्याला शेवटच्या प्रवेशात आणायचं आणि त्याला खलनायक करायचं नाही. त्या गटाने पुढच्या स्पर्धेसाठी हाच शेवट पुन्हा लिहिला. मेलेल्या आजीची नात कुंडाच्या पायरीवर येऊन बसली. ती माफ करायलाही आली नव्हती आणि शिव्या द्यायलाही नाही. म्हणाली, "आजी गेली. मी त्याच खोलीत राहते. आता पाणी आलं तर मी कोणाला हाक मारू?" पोराकडे उत्तर नव्हतं. तरी तो उतरला. या वेळी मागच्या रांगेतून आवाज आला नाही, आणि बाहेर चहाच्या टपरीवर त्याने बरोबर केलं की चूक यावर दोन परीक्षक जोरजोरात भांडत होते.

अपराध नेमका कुठला, हे लेखकालाच माहीत नसणं

दुसरी चूक युधिष्ठिरावर लिहिणाऱ्यांची, आणि युधिष्ठिरावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच.

संहितेत युधिष्ठिर येतो आणि म्हणतो, "माझ्यामुळे सगळे मेले, मला राज्य नको." सगळे म्हणजे कोण? अशा घाऊक अपराधीपणाने कोणाचं काळीज हलत नाही. मूळ कथा उघडून बघा, तिथे हिशोब किती काटेकोर आहे. युद्ध संपलंय, गंगेच्या काठी मृतांना तिलांजली देणं चाललंय, आणि कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो तो या वाक्यावर. शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो नारदांना एक गोष्ट सांगतो, ती मला फार मोलाची वाटते. द्यूतसभेत कर्ण वाट्टेल ते बोलत होता तेव्हा युधिष्ठिराची नजर त्याच्या पायांवर गेली आणि त्याचा राग विरला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसले. असं का, हे त्याला तेव्हा उलगडलं नाही.

आता बघा. कर्ण भाऊ आहे हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून भावाला मारल्याचा दोष त्याच्याकडे येत नाही. पण पाय दिसले होते. एवढासा धागा खरा आहे आणि त्यावर त्याने भ्रातृहत्येचा अख्खा डोंगर रचलाय. अनाठायी अपराधीपणा असाच असतो: मुळाशी खरं काहीतरी असतं, माणूस त्याचं माप चुकवतो. मुळाशी काहीच नसेल तर नायक बावळट दिसतो. सगळंच खरं असेल तर तो अपराधीच आहे, मग विषयच बदलला.

याला जोडून आणखी एक गफलत होते. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचं सांगण्यात युधिष्ठिराचा स्वतःचा वाटा आहे. ते अर्धसत्य त्याच्याच तोंडून गेलं. हे ओझं रास्त आहे. कर्णाचं ओझं रास्त नाही. नवे लेखक दोन्ही एकाच स्वगतात कोंबतात आणि मग कोणीतरी येऊन "तुझा काही दोष नाही" असं म्हणून दोन्ही पुसून टाकतं. द्रोणांचा दोष असा पुसता येत नाही आणि पुसूही नये. माणूस कधीकधी खऱ्या दोषाकडे बघवत नाही म्हणून खोट्या दोषाला कवटाळून बसतो. माझ्या मते युधिष्ठिराची एकांकिका इथे आहे, आणि अजून कोणी ती माझ्याकडे लिहून आणलेली नाही.

कर्णाच्या जन्माचं रहस्य लपवण्यामागचं कारणही बघण्यासारखं आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, तेव्हा कर्णच विनवतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे हा माणूस राज्य सोडेल हे शत्रूच्या बाजूला बसलेल्या कर्णाला युद्धाआधीच पक्कं ठाऊक होतं. एवढी आयती रचना हाताशी असताना मुलं स्वप्नात येणारा कर्णाचा आत्मा लिहितात.

माझी सवय: संहिता लिहिण्याआधी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे नायकाने प्रत्यक्ष काय केलं, उजवीकडे आपण काय केलं असं त्याला वाटतं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर विषय चुकलाय. उजवीकडचं एकही वाक्य डावीकडच्या कशाशी जोडता आलं नाही तरी चुकलाय.

समजूत घालणारे सगळे एका सुरात बोलणं

गुरू येतो, खांद्यावर हात ठेवतो, नायक सावरतो. हा आळस आहे. शांतिपर्वात युधिष्ठिराला थोपवणारा प्रत्येक जण वेगळ्या रागाने बोलतो. अर्जुन अर्थाची बाजू घेऊन संतापतो. भीम म्हणतो, विहीर खणणारा पाण्यापर्यंत न पोचता नुसता चिखलाने माखून परत फिरावा तसं हे झालं. द्रौपदी तर त्याला वनवासात, द्वैतवनात, त्यानेच दिलेली वचनं ऐकवते आणि वर म्हणते की असं भरकटलेल्यावर धूप, अंजन, नस्य (नाकात घालायचं औषध) देऊन औषधोपचार करायला हवेत. किती तिखट आहे ते! तिचे केस, तिचे मेलेले मुलगे, तेरा वर्षं, सगळं त्या वाक्यामागे उभं आहे. समजूत घालणाऱ्याला स्वतःचं गमावलेलं असू द्या, संवाद आपोआप वेगळे होतात.

मन पाच मिनिटांत बदलणं

व्यास, कृष्ण, भाऊ, बायको, सगळे अध्यायामागून अध्याय बोलतात तेव्हा कुठे युधिष्ठिर अभिषेकाला तयार होतो. पुढे भीष्मांनंतर दुःख पुन्हा उसळतं आणि अश्वमेधाचा सल्ला द्यावा लागतो. पाऊण तासात हे सगळं मावणार नाही, मान्य. मग मन बदलूच नका. अर्धवट सोडा.

भरताला पंचवटीत आणणं

ही खास आपल्या गावची चूक. भरतभेट चित्रकूटला झाली. राम पंचवटीत आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तपोवन जवळ आहे, सीतागुंफा जवळ आहे, म्हणून प्रसंग इकडे ओढू नका. त्याच चालीवर पांडवलेण्यांत पांडवांना बसवणारी संहिताही वाचलीय. ती बौद्ध लेणी आहेत, सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांची.

भरताबद्दल जागेपेक्षा मोठी चूक वेगळीच होते. तो या विषयाचा सगळ्यात शुद्ध नमुना आहे. सगळं घडलं तेव्हा तो आजोळी होता, अपराध आईचा, तरी कौसल्येसमोर शपथांवर शपथा घेतो. त्याने मुकुट सोडला म्हणून मुलं टाळ्या घेतात आणि थांबतात. पण त्याने काम सोडलं नाही. पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामातून चौदा वर्षं कारभार पाहिला, आणि राम परतला तेव्हा कोश, कोठारं, सैन्य दसपट करून दाखवलं. मान नको, जबाबदारी हवी, असा माणूस रोज सकाळी काय करत असेल? हिशोब तपासताना पादुकांकडे बघत असेल का? ते लिहा.

अशोकाने तलवार फेकणं

फेकली नाही. कलिंगयुद्धानंतरचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात आहे: एक लाख मारले गेले, दीड लाख लोक हलवले गेले, आणखी कितीतरी मेले. त्याच लेखात तो अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या, लोकांना बजावतो की पश्चात्ताप झाला तरी माझ्याकडे सामर्थ्य आहे. राज्य त्याने सोडलं नाही. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख कोरलेलाच नाही. ज्याचा अपराध खरा होता त्याने सत्ता ठेवली, ज्याचा नव्हता तो सोडायला निघाला. हे शेजारी ठेवून कोणी लिहील का?

बारीकसारीक

पहिल्या प्रवेशात शक्ती वापरताना दाखवा; न पाहिलेली गोष्ट गेल्याचं कोणाला दुःख होत नाही.

नायक पहिल्या मिनिटापासून रडवेला नको. नटाला त्यागाचं भाषण मी तालमीत मटार सोलत म्हणायला लावतो. हात कामात असले की गळा काढता येत नाही.

मोबाइलवरून उतरवलेलं स्वगत चिकटवू नका. परीक्षकांना दोन ओळींत कळतं.

पार्श्वसंगीत त्या क्षणाला बंद ठेवा.

आणि घाई. फॉर्मच्या आदल्या आठवड्यात विषय ठरवून हा विषय लिहून होत नाही. "सर, शेवट तेवढा सांगा" म्हणत येणाऱ्यांना मी शेवट सांगत नाही, कारण शेवट त्या रेघ मारलेल्या पानातूनच निघतो. माझ्याकडे येणार असाल तर ते पान आधी आणा, डावी बाजू पेनाने लिहिलेली आणि उजवी नायकाच्या शब्दांत. संहिता त्यानंतर वाचू.