निःशस्त्रीकरण शिकायचंय? आधी तपासायला कोण येतं ते बघा

शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करताना हा विषय म्हणजे ‘टिपा लिहा’मधला एक प्रश्न. 1968 चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार, भारताने सही का केली नाही, झालं. आता शिरोली एमआयडीसीत निर्यातीची कागदपत्रं बघतो, आणि हाच विषय रोज टेबलावर असतो.

‘यूएनला दात नाहीत’ हे वाक्य कट्ट्यावर हमखास ऐकाल. जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरण परिषदेपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. 65 सदस्य, आणि निर्णय एकमतानेच. 1996 मध्ये अणुचाचणीबंदीचा मसुदा भारताने तिथं अडवला, मग तो आमसभेत नेऊन मंजूर करून घ्यावा लागला. त्यानंतर या परिषदेतून एकही करार बाहेर पडलेला नाही.

पण हेगची ओपीसीडब्ल्यू, म्हणजे रासायनिक अस्त्रबंदीवर नजर ठेवणारी संस्था, बघा. रासायनिक अस्त्रबंदी करार 1997 मध्ये लागू झाला, आज 193 देश त्यात आहेत. भारताने आपल्याकडे साठा असल्याचं जाहीर केलं आणि 2009 पर्यंत तो नष्ट केला. 2023 मध्ये अमेरिकेने आपला उरलेला साठा संपवला, तेव्हा जगातले जाहीर साठे संपले. (‘जाहीर’ हा शब्द परीक्षेत गाळू नका.) हे भाषणांनी झालं नाही. थायोडायग्लायकॉल हे रसायन बॉलपेनच्या शाईत चालतं आणि मस्टर्ड हा विषारी वायू करायलाही. म्हणून वर्षाला एक टनावर ते बनवणाऱ्या कारखान्याला हिशेब कळवावा लागतो, आणि दहा टनांच्या वर गेलं तर नेहमीच्या तपासणीला निरीक्षक गेटवर येऊ शकतात. जैविक अस्त्रांचा करार 1975 पासून लागू आहे, पण त्याला अशी तपासणी यंत्रणाच नाही. कुठलाही करार वाचताना मी आधी एवढंच बघतो: मोजतं कोण, आत शिरायचा हक्क कुणाला, आणि कुणी अडवलं तर पुढं काय. शेवटचं उत्तर बहुधा सुरक्षा परिषदेत पोचतं, आणि तिथं पाच जणांचा व्हेटो बसलेलाच असतो.

त्याच परिषदेचा 2004 चा 1540 क्रमांकाचा ठराव मात्र थेट आमच्या फाइलीत येतो. महासंहारक अस्त्रांना लागणारा माल भलत्यांच्या हाती पडू नये म्हणून देशांनी कायदे करावेत, असं तो बजावतो. भारताने 2005 मध्ये कायदा केला. निर्यातीला परवाना लागणाऱ्या अशा मालाची स्कोमेट नावाची सरकारी यादी आहे. रसायनाने न गंजणाऱ्या काही मिश्रधातूंचे व्हॉल्व्ह त्या यादीत बसतात. मग गिऱ्हाईक कोण, माल शेवटी वापरणार कोण, कुठल्या प्लँटमध्ये, कशासाठी, सगळं लेखी लागतं. ‘औद्योगिक वापर’ एवढ्यावर भागत नाही.

करिअरचं विचाराल तर स्पष्ट सांगतो, नुसत्या एम.ए.वर निरीक्षक होता येत नाही. ओपीसीडब्ल्यूला रसायनवाले लागतात, व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेला अभियंते आणि भौतिकशास्त्रवाले. त्यामुळे एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पोरांनी हा विषय आमच्यावर सोडू नये. आमच्यासाठी परराष्ट्र सेवा, संशोधन संस्था आणि निर्यात नियंत्रण. या तिसऱ्या वाटेला गर्दी कमी आहे. यूएनच्या निःशस्त्रीकरण विभागाचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, आधी ते करा. यूएनची निःशस्त्रीकरण फेलोशिप मात्र सरकारी अधिकाऱ्यांसाठी असते, तिच्या नावाने कुणी क्लासची फी मागितली तर देऊ नका.

गाइडपेक्षा मूळ करार वाचा, त्यातही पडताळणीचं परिशिष्ट. ऑक्टोबरात आमसभेची पहिली समिती, म्हणजे निःशस्त्रीकरणाचे ठराव बघणारी समिती, भरते. तिथं भारताने कुठं तटस्थ राहून काय खुलासा दिला, ते एकेका ठरावासमोर लिहून काढा. दहशतवाद्यांच्या हाती ही अस्त्रं पडू नयेत यासाठीचा ठराव भारत स्वतःच दरवर्षी मांडतो. सुरुवात त्यापासून करा.