तलावपाळीचा जलरंग आणि दहापट भिंग

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मोठे कॅनव्हास मावत नाहीत, म्हणून मी कागदावरची चित्रं जमवते. सुरुवात तलावपाळीच्या, म्हणजे इथल्या तळ्याकाठच्या, एका छोट्या जलरंगचित्रापासून झाली. कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात किंवा मुंबईच्या जेजे या कलाशाळेच्या वार्षिक प्रदर्शनात जा, चित्रकाराशी बोला, स्केचबुक बघायला मागा. भिंतीवर लावलं नाही तेच बरेचदा जास्त चांगलं असतं. घासाघीस नको, ती मी भाजीवालीशीही करत नाही.

घेण्याआधी दहापट भिंग लावा. चित्र हाताने काढलेलं नसून ऑफसेट छपाईची प्रत असेल, तर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. खऱ्या पेन्सिलीची चमकदार भुकटी कागदाच्या उंचवट्यांवर बसलेली असते. मागची बाजूही बघा: तारीख, खोडलेली रेघ, एखादा आकडा. सही नसली तरी मी घेते, हात आवडला पाहिजे. पावती मात्र हवीच. नाव, वर्ष, माध्यम लिहिलेली.

माझा तो जलरंग फ्रेमवाल्याने सेलोटेपने चिकटवला. पिवळा पट्टा आता कायमचा. आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्रामागचा-भोवतीचा पुठ्ठा, मागा, चित्र त्यावर जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाची खळ लावून बसवायला सांगा, काच चित्राला टेकू देऊ नका. आणि पावसाळ्यात घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आतूनही काही टांगू नका. ओल येते, बुरशी धरते, शिवाय कसरीला खळ फार आवडते.