पेपरात खोटं छापून आलंय? प्रेस कौन्सिलकडे तक्रार अशी करा

आधी कोर्टाचं बघा. त्याच बातमीवरून कोर्टात केस चालू असेल तर भारतीय प्रेस कौन्सिलला (पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी, कायद्याने नेमलेली संस्था) त्यात हात घालता येत नाही, कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यातच तसं आहे. भरपाईची आशाही धरू नका. कौन्सिल ताकीद देते, ठपका ठेवते, पैसे मिळवून देत नाही. टीव्हीची तक्रार इथे चालत नाही.

आता खरं काम: संपादकाला पत्र. लोक हेच गाळतात. मीपण गाळलं होतं. आमच्या बचत गटाने कर्जाचे पैसे खाल्ले असं एका पेपरात आलं, मी बातमीदाराला व्हॉट्सअ‍ॅप केलं, ऑफिसात चार फोन केले, "उद्या खुलासा टाकतो ताई" ऐकत दीड महिना गेला आणि हातात दाखवायला एक कागद नाही! दैनिक-साप्ताहिकाविरुद्ध तक्रारीची मुदत बातमी आल्यापासून २ महिने, म्हणजे उरले पंधरा दिवस.

म्हणून बातमी आली त्याच आठवड्यात पत्र टाका, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. पेपरात तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते, नाव-पत्ता तिथूनच घ्या. पत्रात चुकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवा, त्याखाली खरं काय ते, आणि त्याचा पुरावा. "गटाने दोन लाख लाटले" या वाक्याखाली आम्ही लिहिलं की कर्ज फिटलंय, आणि बँकेचा नो ड्यूज दाखला जोडला. एवढंच. "तुम्ही विकले गेलात" असलं काही लिहू नका, मूळ मुद्दा बाजूला पडतो. वकिलाच्या नोटिशीने सुरुवात करा असं जो तो सांगतो, मला ते साफ चूक वाटतं, नोटीस गेली की संपादक बोलायचाच थांबतो.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर दिल्लीला कौन्सिलकडे लेखी तक्रार. सोबत मूळ कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत, आलेलं उत्तर, नेमका आक्षेप कशावर ते, आणि प्रकरण कोर्टात नाही असं प्रतिज्ञापन. भाषांतर करताना बातमी जास्त वाईट दिसेल असे शब्द घालू नका, छापलंय तेवढंच.

मग कौन्सिल संपादकाकडून खुलासा मागवते, गरज वाटली तर चौकशी समितीपुढे सुनावणी होते.

आणि अख्खा अंक ठेवा, दोन प्रती. आमच्या कात्रणावर तारीखच नव्हती, त्या दिवशीचा अंक शोधत मी तीन रद्दीवाले फिरले.